अठरा गुंड्या

‘सपना, माह्या पलंगाखालची पेटी वढ वं जराक. त्यातलं सूत आता नत्थूजीकडे पोचवा लागते.’

रूपराव हे बोलले तेव्हा सपना त्यांच्या पायथ्याशी खुर्चीवर बसून शालीची शेवटची ओळ बंद करत होती. सुया जागच्या जागी थांबल्या. शाल लाल होती, मंजिष्ठेच्या मुळीची दाट लाल, आणि ती त्याच पेटीतल्या सुताची होती.

‘कोणतं सूत, मामाजी?’ उत्तर माहीत असूनही तिनं विचारलं. तेवढीच दोन श्वासांची सवड.

‘काळा दोरा बांधेल हाये ना, त्या अठरा गुंड्या. माह्या आखरीच्या कापडाचं सूत हाये ते.’

मोतीबिंदूनं रूपरावांची नजर गढुळली होती. समोरच्या सुनेच्या मांडीवर काय आहे ते त्यांना दिसलं नाही. सपनानं शाल सुयांसकट गुंडाळून पदराखाली घेतली, चोरी करताना सापडल्यासारखी.

रूपराव वर्धा डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होते. बस जिथं पाच मिनिटं थांबेल तिथं हा माणूस खाकी पिशवीतून तकली काढून सूत कातायला बसायचा. ड्रायव्हर लोक हसायचे, प्रवासी पोरं तकलीकडे टकामका बघायची. कातायला शिकवणारे त्यांचे शाळेतले मास्तर वारले तेव्हा त्यांना त्यांच्याच हातच्या सुताचं कापड घातलं होतं. बारा वर्षांच्या रूपरावानं ते पाहिलं आणि मनाशी गाठ मारून ठेवली. आपल्या शेवटच्या प्रवासाचं कापड आपणच कातायचं. माणूस जन्मभर दुसऱ्याच्या मेहनतीवर जगतो ते जगतो, निदान ती आपल्याबरोबर जाळायची तरी नाही.

हे त्यांनी घरात कधी कुणाला सांगितलं नाही. सुनेसमोर मरणाच्या गोष्टी काय काढायच्या, असा त्यांचा संकोच. आणि त्या संकोचापायीच सगळं नासलं.

कारण त्या घरात सासरा आणि सून यांच्यात बोलायला विषय होता तो सुताचा, एवढाच. सपनाच्या नवऱ्याचं, प्रफुलचं, मोटारपंपाच्या सामानाचं दुकान. तो सकाळी गेला की अंधार पडल्यावर यायचा. सपना एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. लग्न होऊन ती सिंदी मेघ्यातल्या या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिच्यापुढे पेटीचरखा ठेवला आणि म्हणाले, ‘हात चालवून पाह्य, डोकं शांत राह्यते.’ ती शिकली. पुढं मोबाइलवर बघून बघून रंगवायला शिकली, तीन-तीन धागे एकत्र पिळून विणायलाही. तिचं सूत पाहून रूपराव हमखास चिडवायचे, ‘पीळ लय देते तू. तिकीट न काढणाऱ्या पाशिंजराची कॉलर धरल्यावानी धागा धरते.’ दर दिवाळीला ते तिला आपल्या हातच्या आठ-दहा गुंड्या द्यायचे. एका गुंडीत हजार मीटर धागा. तिला दिवाळीच्या साडीपेक्षा त्याचं अप्रूप असायचं.

या दिवाळीला ते दवाखान्यात होते. लेक आकांक्षा नोकरीला बंगलोरला निघालेली, तिच्यासाठी शाल करायची म्हणून सपनानं सासऱ्यांची पेटी उघडली. तळाशी या अठरा गुंड्या होत्या. असं एकसारखं सूत तिनं त्यांच्याही हातचं पाहिलं नव्हतं. प्रत्येक गुंडीला काळा दोरा. ती स्वतः रंगाच्या एकेका घाण्यातल्या गुंड्यांना खुणेचे दोरे बांधत असे. म्हणून तिला वाटलं, बारीक सुताची खूण असेल. चांगलं सूत मामाजींनी आपल्यासाठीच राखलंय, असंही वाटलं. याच वाटण्याची तिला आता शरम वाटत होती. एकाच घाण्यात रंग सारखा येतो म्हणून तिनं अठराच्या अठरा गुंड्या आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत आणि मग मंजिष्ठेत बुडवल्या.

काल डॉक्टरांनी प्रफुलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘घरी न्या. महिना, फार तर दीड.’

‘पोचवते, मामाजी,’ सपना म्हणाली. ‘उद्याच पोचवते.’

‘नत्थूजीले म्हणजो, गडबड नाई. पण लय सुस्ती बी नको करू.’ आणि आपल्याच विनोदावर ते खोकत हसले.

संध्याकाळी तिनं प्रफुलला स्वयंपाकघरात सांगितलं. तो हात धुता धुता थांबला.

‘मंग सांगून टाक ना त्याईले. चूक झाली म्हणाव. सूत ते सूत.’

‘तुमी सांगता?’

प्रफुलनं नळ बंद केला, बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि पुन्हा नळ सुरू केला. बापाशी तो मोटार जळली, बिल आलं, एवढंच बोलू शकत असे.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात रजा टाकली. न विणलेल्या सात गुंड्या उरल्या होत्या. त्यातली एक तिनं सोड्यात उकळली. रंग ढिम्म हलला नाही. दुसरी उकळली, ताटलीभर सोडा घालून. पाणी किंचित गुलाबी झालं, सूत तसंच लाल. तिचा रंग कधी जात नाही याचा तिला किती तोरा होता! ऑफिसातल्या बायकांना ती तिचे लाल मोजे दाखवायची, चार वर्षं धुतेय म्हणायची. आता ती मोरीत बसून त्या पक्क्या रंगाला शिव्या देत होती. शेवटी त्याच गुंडीसाठी तिनं ब्लीचिंग पावडर कालवली. रंग उतरला, पण पांढरा झाला नाही. जुन्या रक्ताच्या डागासारखा मळकट तपकिरी राहिला. वाळल्यावर तिनं धागा ओढला तर तो कोरड्या गवतासारखा तुटला.

तरीही ती गुंडी आणि एक लाल गुंडी पिशवीत घालून ती एसटीनं दुसऱ्या गावाला, सिंदी रेल्वेला गेली. नत्थूजी कोष्टी सत्तरीचे, गावातला शेवटचा माग त्यांच्या पडवीत. त्यांनी तपकिरी गुंडीचा धागा दोन बोटांत धरून पाहिला आणि खाली ठेवून दिला.

‘हे सूत मेलं, बाई. मागावर चढाचं नाई.’

‘आणि लाल? अशा सहा उरल्यात.’

‘लाल विणता येते. पण सहा गुंड्यांत पंचाच होईल. आन् रूपरावले लाल कसं घालसान? लाल कापड सवाशिणीले घालतात.’ गुंडी परत पिशवीत ठेवत ते म्हणाले, ‘माह्यासंगं बोलून ठुलं होतं त्यानं. दहा साल झाले. दर साली येऊन सांगे, नत्थू, बारा गुंड्या झाल्या, नत्थू, पंधरा झाल्या. हात कापते आता, म्हणे, म्हणून चांगला दिवस पाहून कातो.’

सपनाला पडवीतच रडू फुटलं. दहा वर्षं. तिला वाटलं होतं पंधरा-वीस दिवसांचं काम असेल.

नत्थूजींनी तिला पाणी दिलं. रडणं थांबल्यावर तिनं विचारलं, ‘मी कातून आणलं तर?’

‘आना. आठ दिवसात विणून देतो. म्या त्याले काही सांगत नाई.’

मग सुरू झालं. कॉलेजात तिनं सगळी शिल्लक रजा मागून घेतली. सकाळी सासऱ्यांचं अंग पुसून, त्यांना पेज भरवून ती मागच्या खोलीत चरखा घेऊन बसे ती दुपारी त्यांना औषध द्यायला उठे, पुन्हा बसे. अंगठ्याच्या पेराला चीर पडली, ती चिकटपट्टी लावून कातत राहिली. पीळ कमी द्यायचा, हलका हात, मामाजींचा हात. दर धाग्याला ती स्वतःला बजावत होती. जमतंय असं वाटायचं, आणि तेवढ्यात हात पुन्हा आपल्या वळणावर जायचा.

चरख्याचा आवाज बाहेरच्या खोलीत जात होता. रूपराव दिवसेंदिवस पलंगात बुडत चालले होते. पण आवाज आला की त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

‘लय कातून राह्यली वं पोरी,’ ते म्हणाले. ‘काय करते याचं?’

‘असंच, मामाजी.’

‘कात. तुह्या चरख्याचा आवाज आला का मले झोप लागते.’

खोटं बोलण्यात इतका गोडवा असतो हे तिला माहीत नव्हतं, आणि तो गोडवा तिला सोसवत नव्हता. अठरा गुंड्या बाविसाव्या दिवशी झाल्या. नत्थूजींनी शब्द पाळला. आठव्या दिवशी ते स्वतः घडी घेऊन सिंदी मेघ्याला आले, दारातच कापड सपनाच्या हातात दिलं आणि मित्राच्या पलंगापाशी न जाताच परत फिरले. म्हणाले, ‘त्याच्यासमोर मले खोटं बोलता येत नाई.’

रूपरावांना उशी लावून बसवलं. सपनानं घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. पांढरं, जराशी पिवळसर झाक असलेलं, नव्या सुताच्या वासाचं कापड. त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात कापडाची कड धरून हळूहळू सरकवत नेली, कंडक्टर नोटा चाचपतो तशी. सपना समोर उभी होती. काहीही म्हणोत, पण चांगलं विणलं म्हणोत.

‘हे तुह्यं सूत हाये,’ रूपराव म्हणाले.

तिनं पलंगाची कड धरली.

‘पीळ लपवला तू. चांगला लपवला. पण दर हातभर धाग्याले तुही चिमट हाये.’ त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर तिला बरं वाटलं असतं. ‘माह्यं कुठी गेलं?’

तिनं सांगितलं. पेटी, काळे दोरे, मंजिष्ठा, सोडा, ब्लीचिंग, सगळं. सांगताना ती पलंगाच्या पायथ्याशी खाली बसली होती. बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

‘शाल दाखव.’

तिनं शाल आणली. ती अजून आकांक्षाला पाठवली नव्हती. उसवायचीही हिंमत झाली नव्हती. रूपरावांनी तिच्यावरून हात फिरवला, पण तीन धाग्यांचा पीळ एकात एक बसलेला, त्यात त्यांचा एकेरी धागा बोटांना कुठं सापडणार होता? त्यांनी शाल बाजूला ठेवली.

‘मीच सांगाले पाह्यजे होतं,’ ते म्हणाले. ‘तोंडातच ठुलं म्या.’

‘मामाजी, हे घ्या ना. मी तुमच्यासाठीच कातलं.’

‘म्हणूनच नको. तुही एवढी मेहनत माह्यासंगं जाळू काय?’ त्यांनी घडी दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवली. ‘पोरीले दे. नाईतर तू नेस. माह्यावर बजारातलं टाकजा. मशीनचं. त्यात कोनाचे हात नसतात.’

ज्या माणसानं नोकरीतली वर्दी सोडली तर गिरणीचा साधा बनियनही कधी अंगाला लावला नाही, तो हे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चरखा मागितला. सपनानं तो पलंगावर त्यांच्यापुढे मांडला, कापसाचा पेळू हातात दिला. त्यांनी चाकाला हात लावला. उजवा हात फिरवायचा, डावा धागा ओढायचा, एवढंसं काम. चाक अर्धं फिरलं, धागा वीतभर निघाला आणि तुटला. पुन्हा जोडला, तुटला. सपना जोडून द्यायला पुढं झाली, तशी त्यांनी मान हलवली. दहाएक वेळा हे झालं. मग त्यांनी हात मांडीवर घेतले आणि म्हणाले, ‘ने.’

त्यानंतर त्यांनी कशाचं नाव काढलं नाही. चरखा लावू का, असं तिनं एकदा विचारलं, तुम्हाला झोप लागेल. ते म्हणाले, ‘नको.’ ते तोंड भिंतीकडे करून पडून राहत. पेज तोंडाशी नेली की दात मिटून घेत, भांडल्यासारखे नाही, फक्त आता काम संपल्यासारखे. सपनाला वाटायचं, त्यांनी एकदा तरी आपल्याला झोडपावं. निदान सून म्हणून नाही तर पाशिंजर म्हणून तरी! घर इतकं शांत कधीच नव्हतं, आणि ती शांतता तिनं स्वतःच्या हातांनी रंगवली होती.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते गेले.

अंगण माणसांनी भरलं. प्रफुलचा चुलतभाऊ हरिदास दुकानातून बांबू, मडकं, सुतळी, कापड असं सगळं सामान एका ऑटोत घालून घेऊन आला. प्रफुल आत आला. त्याचे डोळे सुजले होते.

‘सपना, ते कापड काढ ना. तू कातेल.’

‘नको म्हणाले ते.’

‘आता कोन पाह्यते? त्याईची इच्छा...’

‘त्यांची इच्छा माझ्या हातून गेली,’ सपना म्हणाली. ‘आता एवढा तरी शब्द राहू द्या.’

प्रफुल तिच्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याला या सुताच्या भानगडीतलं काही कळल्यासारखं वाटलं. पण बाहेरून हाका येत होत्या, तो गेला.

कापड उलगडलं गेलं. खळ दिलेलं, कडक. घड्या मोडताना कागदासारखं वाजलं. बायकांनी सपनाला पाया पडायला पुढं आणलं. ती वाकली तेव्हा तिला दिसलं, कापडाच्या काठावर, नेमका पायांशी, कुठल्याशा गिरणीचा निळा शिक्का होता. नाव पुसट झालेलं, खाली मीटरचा आकडा. तिनं तो काठ घाईघाईनं आतल्या बाजूला मुडपला. खळीमुळं तो पुन्हा सरळ झाला. तिनं पुन्हा मुडपला, हातानं दाबून धरला.

‘वयनी, सरका जराक,’ हरिदास सुतळी घेऊन म्हणाला. ‘बांधू द्या.’

ती सरकली. शिक्का वरच राहिला.