बावीस उंबरे

आमच्या खाडीला व्हिलावाल्यांनी ‘लेक’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हाच मला त्यांच्या अकलेचा अंदाज आला होता. ओहोटीला जिथे ढोपरभर चिखल उघडा पडतो आणि खेकडे धावतात, ते म्हणे लेक! कासू स्टेशनपासून आत, खाडीच्या अंगाला आमचं गाव. गावापुढे भातशेती, शेतीपुढे मातीचा लांबलचक बांध आणि बांधापलीकडे खाडी. बांध आहे म्हणून शेत आहे. तो फुटला की भरतीचं खारं पाणी आत शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे भाताचं रोप धरत नाही.

गेल्या तीन वर्षांत बांधालगतची शेतं एकेक करून विकली गेली. भराव पडला आणि बावीस व्हिला उभ्या राहिल्या. पांढऱ्या भिंती, काचेच्या गॅलऱ्या, दर शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-ठाण्याच्या गाड्या. मला त्यांच्या घरांचा राग नव्हता. राग होता तो फाटकाचा. बांधावर चढायची आमची वाट त्यांच्या कुंपणाच्या कडेने जाते. उन्हाळ्यात त्या वाटेवर लोखंडी फाटक बसलं, बांधावर फिरायला म्हणून दिव्यांचे खांब आले, आणि जुलैत बांधाच्या तोंडाशी पाटी रोवली गेली: एक सप्टेंबरपासून बांध फक्त रहिवाशांसाठी.

माझे बाबा, हिरामण, उघाडी सांभाळतात. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरती आली की फळ्या टाकून ते बंद करायचं, ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. पाण्याच्या वेळेने, दिवसातून दोनदा, तीस वर्षं. वाट बंद झाली तर उघाडीकडे कोण जाणार? शेतं तुंबणार, कुजणार, आणि मग ती स्वस्तात घ्यायला तीच माणसं पुन्हा येणार. हे गावात सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणीच नव्हतं.

व्हिलांचा मॅनेजर निकेश हा काही परका नव्हे, शेजारच्या गडब गावचा. त्याने बाबांना वॉचमनची नोकरी देऊ केली.

“पगार हाय, ड्रेस हाय, छत्री पन देतात,” बाबा जेवताना म्हणाले.

“बाबा, स्वतःच्या वाटेवर उभं राहून गाववाल्यांना अडवनार तुम्ही?”

“मी थकलो गो भाविका. किती जनांशी भांडू?”

बाबांना मी थकलेलं पाहिलं होतं, हरलेलं कधीच नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वाट जाऊ द्यायची नाही, एवढं मात्र मी ताटावरच ठरवलं.

आमच्याकडे जोळ म्हणून एक रीत आहे. मोठं उधाण यायच्या आधी गावात पुकारा होतो: दर उंबऱ्यामागे एक माणूस, घमेलं घेऊन बांधावर. सरपंच असो नाहीतर कालची नवी नवरी, सुटका कोणालाच नाही. घरात कोणी आजारी असेल तर शेजाऱ्याने दोन फेऱ्या जास्त मारायच्या. आणि जो जोळीला येतो त्याचा बांध, त्याची वाट. आता मला सांगा, बावीस व्हिला म्हणजे बावीस उंबरेच ना?

पिठोरी अमावास्येच्या शुक्रवारी रोह्याच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट संपवून मी कासूला उतरले, आणि घरी न जाता थेट व्हिलांत शिरले. बावीस दारांवर बेल वाजवली. “रविवारी दुपारी मोठं उधाण आहे, तुमच्या घरातला एक माणूस जोळीला पाठवा.” एकाला वाटलं मी गणपतीची वर्गणी मागतेय. एका बाईंनी मला थंड पाण्याची बाटली दिली आणि दार लावलं. एक काका म्हणाले, “आम्ही मेंटेनन्स भरतो.” मी म्हटलं, “काका, खाडीला पावती दाखवता येत नाही.” ते रागावले. नऊ नंबरच्या किमया नावाच्या ताईंनी तेवढं ऐकून घेतलं.

“पण आम्हाला ते काम येत नाही गं.”

“चिखल उचलायला काय यावं लागतं?”

त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. बावीस दारं झाली आणि माणूस एकही मिळाला नाही. बाहेर निकेश उभा होता.

“ही मानसं चिखलात उतरतील असं तुला वाटलंच कसं?”

“तू उतरायचास ना, गडबला? तसंच वाटलं.”

तो पाठ फिरवून ऑफिसात गेला.

रविवारी बारा वाजता गावातून एकेचाळीस माणसं निघाली. माझी आई ठमाबाई पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन पुढे, मागे पोरं मेढी, म्हणजे लाकडी खुंट, खांद्यावर घेऊन. शेजारच्या मोहल्ल्यातून इकबालचाचा आले होते. वीस वर्षं कुवेतला काढून परतलेला माणूस, पण त्यांची शेती आमच्याच बांधाखाली, म्हणून जोळ कधी चुकवत नाहीत. सप्टेंबर उजाडायचा होता, तरी फाटकाला कुलूप होतं. निकेश धावत आला.

“सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांचा फोन आला. हिरामणकाकांना एकट्याला सोडतो. बाकीच्यांना परवानगी नाय.”

बाबांनी खाली पाहिलं. ते एकटेच आत गेले असते, असं मला आजही वाटतं. तेवढ्यात इकबालचाचांनी कुंपणावरून बोट दाखवलं.

“हिरामण, त्या खांबाच्या बुडाशी बघ. पानी हाय रे!”

दिव्याचे खांब रोवायला त्यांनी बांधातच कमरेएवढे खड्डे मारले होते. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा बांधाला भोक पाडत नाही. खेकड्याचं बीळ दिसलं तरी आम्ही पायाने बुजवून पुढे जातो. आणि यांनी तर रांगेने अकरा खड्डे खणले. खाडी भरत आली होती आणि तिसऱ्या खांबाच्या बुडातून गढूळ पाणी आतल्या बाजूला उसळत होतं.

“निकेश, कुलूप काढ,” मी म्हटलं.

“चावी ऑफिसात हाय. साहेबांना विचारतो.”

“चाचा, फाटक बिजागरीवरनं उचला!”

“पोलीस केस होईल गो!”

“माझं नाव दे. भाविका हिरामण, कासूजवळचं गाव, कंपनीचा पत्ता पन देते.”

नोकरी कच्ची होती, केस झाली असती तर गेलीच असती. पण समोर आमचं पोटरीला आलेलं भात उभं होतं. सहा जणांनी जोर लावला आणि फाटक वर उचकटून हातात आलं. ते टाकून आम्ही पळालो.

आम्ही पोचेपर्यंत खांब कलंडला आणि त्याच्याबरोबर बांधाचा लचका गेला. खांड पडली. आधी हातभर, मग माणूस जाईल एवढी. बाबा क्षणात पूर्वीचे झाले. “पेंढा टाका! मेढी ठोका!” भारे टाकले की वाहून जात होते, मेढी उखडत होत्या. पाण्याला अडवायला काहीतरी आडवं हवं होतं.

“फाटक आना!” बाबा ओरडले.

फाटक आणायला चौघं धावले. त्यांतला चौथा निकेश होता. बूट काठावर, पँट मांडीपर्यंत वर. फाटक खांडीत आडवं घातलं, मागून मेढी ठोकल्या, गजांना पेंढा लावला आणि चिखल सुरू झाला. या हातातून त्या हातात, घमेल्यावर घमेलं. माझ्या डाव्या हाताला कोणीतरी नवखं होतं, अर्धी घमेली सांडत होती. मान वळवली तर किमयाताई. त्यांच्यामागे व्हिलांतली आणखी तीन माणसं. पावणेदोनला भरती सरली, पाणी उलटलं. फाटक कुठे होतं ते तेव्हा दिसतसुद्धा नव्हतं.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळीच सेक्रेटरी साहेब ठाण्याहून आले होते. बांधापाशी व्हिलांत मुक्कामाला थांबलेली दहा-बारा माणसं जमली होती, आमचीही होती.

“फाटक आमच्या मालकीचं आहे,” साहेब म्हणाले. “आजच्या आज काढून परत बसवायचं.”

मी निकेशच्या हातात फावडं दिलं. “काढ.”

निकेशने बांधाकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं, आणि फावडं जमिनीवर ठेवलं. “साहेब, ते काढलं तर दुपारच्या भरतीला तुमच्या हॉलमध्ये पानी येईल.”

“नको, नको काढू,” मेंटेनन्सवाले काका घाईने म्हणाले.

“मग नवीन बसवू,” साहेब म्हणाले.

“बसवा ना,” मी म्हटलं. “पण मग पुढच्या उधाणाला जोळ येणार नाय. एकही माणूस नाय.”

माझ्यामागे आमची माणसं चुळबुळली. जोळ नाही आली तर आमचंही भात जाणार होतं, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. मी मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा मागे पाहिलं असतं तर वाट गेली असती. शेवटी आईच म्हणाली, “पोरगी बोलली ते बोलली.” इकबालचाचांनी मान हलवली.

साहेबांनी आपल्याच माणसांकडे पाहिलं. त्यांच्यातलं कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, सगळे बांधावरच्या ओल्या चिखलाकडे बघत होते.

“पुढचं उधाण कधी?” किमयाताईंनी विचारलं.

“पौर्णिमेला. दर उंबऱ्यामागे एक माणूस. बावीस.”

“आणि यायचं किती वाजता?”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ‘फक्त रहिवाशांसाठी’ची पाटी उपटून घमेल्यात टाकली, घमेलं किमयाताईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, “पान्याच्या आधी.”