केशरबाईंची मच्छीमार संस्था

सहकार खात्यातले पंडित गायसमुद्रे मोटारसायकलवरून धामणटाकळीला उतरले तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते, पण उन्हाने आतापासूनच मान पोळायला लागली होती. दुष्काळाचं हे सलग तिसरं वर्ष. डिसेंबरपासून ते असेच गावोगाव फिरत होते. सलग तीन वर्षं काहीच उत्पादन नसलेल्या संस्था बंद करायच्या, असा वरून आदेश होता. दूध संस्था झाल्या, कोंबडीपालन झालं, आज मच्छीमार संस्थेची पाळी होती. कुठेही गेलं तरी कोणी हात जोडायचं, नाहीतर कोणी पुढाऱ्याला फोन लावून तो यांच्या कानाला द्यायचं. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. माणसांची तोंडं बघून त्यांना शीण आला होता.

संस्थेच्या अध्यक्ष केशरबाई लिंबोरे स्टँडवर बंद रसवंतीच्या सावलीला बसल्या होत्या. साठीच्या, काटक, बोलणं कमी. कापडी पिशवीत संस्थेचं इतिवृत्ताचं रजिस्टर. गावाभोवतीचे तीन तलाव संस्थेकडे होते. ते बघायचे आणि अहवाल लिहायचा, एवढंच काम. त्या मागच्या सीटवर बसल्या आणि दोघं निघाले.

पहिल्या तलावात पाण्याचा मागमूस नव्हता. पोटात कोणीतरी हरभरा घेतला होता, त्याची धसकटं उभी होती आणि भेगांमधून शेळ्या चरत होत्या. दुसऱ्या तलावात बायकांनी खड्डे खोदले होते आणि वाटी वाटीने पाणी काढून हंडे भरणं चाललं होतं. गायसमुद्र्यांनी दोन्हीकडे फोटो काढले. आता बाई विनवणी सुरू करणार, म्हणून ते मनाची तयारी करत होते. केशरबाई बांधावर टेकल्या, पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, संस्था बंद करून टाका."

गायसमुद्र्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

मग केशरबाईंनी हळूहळू सगळं सांगितलं. संस्था उभी केली त्यांच्या मालकांनी, शहादेवांनी. ते गेल्यावर लोकांनी यांना अध्यक्ष केलं, त्याला अकरा वर्षं झाली. सभासद सगळे भोई समाजाचे. पाणी गेलं तसे एकेक करून ऊसतोडीला लागले. आता सभा बोलावली तरी येणारे दोघंच, त्या स्वतः आणि कारभारी नावाचे एक म्हातारे सभासद. माजलगावकडे दिलेली लेक दर वर्षी बोलावते. पण कधी कागद येतो, कधी सही लागते, आणि जाणं राहून जातं.

"मला बी थकवा येतो का न्हाई?" त्या म्हणाल्या. "मालकाचं नाव हाय म्हनून धरून बसले. आता बास."

गायसमुद्र्यांना हलकं वाटलं. एवढ्या महिन्यांत अहवाल आणि समोरचा माणूस पहिल्यांदाच एकच गोष्ट सांगत होते. तिसरा तलाव बघायची गरजही नव्हती, पण फोटो लागतो म्हणून ते गेले.

तिसऱ्या तलावातलं पाणी गावाच्या पिण्यासाठी राखलेलं होतं. जाळं टाकलं की गाळ उठतो, म्हणून ग्रामपंचायतीने दुष्काळ सुरू होताच मासेमारी थांबवली होती. आता मध्यभागी गुडघाभर पाण्याचं डबकं उरलेलं. पंचायतीचा पाणी सोडणारा सिदू काठावर घाबराघुबरा उभा होता. पहाटेपासून मासे मरून वर येत होते. जिवंत होते तेही तोंड वर काढून हवा ओढत होते. टँकर चार दिवसांनी येणार. तोवर गावाला हेच पाणी प्यायचं होतं. मासे आत सडले तर तेही गेलं. सरपंचांनीच त्याच्याकडे निरोप धाडला होता, की आता वाटेल ते करा पण मासे काढा.

केशरबाईंनी पाण्याकडे एकदा पाहिलं आणि कासोटा घट्ट केला. सिदूला जाळं आणायला आणि कारभाऱ्यांना बोलवायला पिटाळलं. जाळं ओढायला चार माणसं लागतात. त्या, कारभारी आणि सिदू मिळून तिघं झाले. चौथं तिथे कोणी नव्हतं. गायसमुद्र्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले.

दुपार कलेपर्यंत चार वेळा जाळं ओढलं. एका बाजूने ते फाटलेलं होतं. कारभारी चिखलात बसकण मारून ती फाटकी बाजू गुडघ्यांत दाबून धरायचे. त्यांची बोटं सोलवटली तरी म्हातारा हूं की चूं करेना. हातभर लांबीचे कटले निघाले, रोहू निघाले. तीन वर्षांमागे सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, एवढी मोठी झालेली. मेलेले मासे खड्डा करून पुरले. जिवंत मासे गावातल्या लोकांनी पाट्यांनी नेले. नेण्याआधी दुकानदाराच्या काट्यावर तोलले, ते सव्वा क्विंटल भरले.

बाभळीखाली बसून गायसमुद्र्यांनी अहवालाचा कागद काढला. उत्पादनाच्या रकान्याशी आल्यावर त्यांचा पेन थांबला. सव्वा क्विंटल मासा म्हणजे उत्पादन झालंच. संस्था बंद करता येणार नव्हती. त्यांनी केशरबाईंना ते समजावून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, मी दुसऱ्या तलावावरूनच परत गेलो, असं लिहितो. हे मी पाहिलं नाही. तुम्ही सुटाल."

केशरबाई काटकीने पायाचा चिखल खरवडत होत्या. पलीकडे कारभारी बोटाला चिंधी गुंडाळत बसले होते. ते ऐकत होते, पण मान वर करत नव्हते.

"लिवलं तर किती वर्सं चालंल?" त्यांनी विचारलं.

"आणखी तीन."

"तीन," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग काटकी टाकून दिली. "ह्या म्हाताऱ्यानं दिसभर गुडघ्यात जाळं धरलं. ते झालंच न्हाई, असं कसं लिवायचं? निघाले मासे. लिवा, निघाले म्हनून."

गायसमुद्र्यांनी लिहिलं. केशरबाईंनी सही केली. अक्षर वाकडं आलं, आणि कागदावर अंगठ्याचा चिखलही उमटला. लेकीला काय सांगणार, असं गायसमुद्र्यांना विचारावंसं वाटलं, पण त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. स्टँडपर्यंत सोडतो म्हणाले. बाई नको म्हणाल्या, जाळं वाळत घालायचं होतं आणि फाटलेलं शिवायचं होतं.

ते मोटारसायकल वळवत होते, तेव्हा केशरबाईंनी हाताने थांबवलं.

"पाऊस झाला तर बोटुकली सोडावी लागंल. त्याचा अर्ज कुठं द्यायचा, तेवढं सांगून जा."

त्यांनी ऑफिसचं नाव सांगितलं, टेबल सांगितलं, कोणत्या महिन्यात द्यायचा तेही सांगितलं. केशरबाईंनी ते दोनदा तोंडाने घोकलं आणि पाठ फिरवून जाळ्याकडे गेल्या.