धुराची झडती

मी मोताळ्याची काळी-पिवळी जीप बोलतेय. जरा जवळ या. माझ्या स्टेअरिंगमागं सरकारी हुकमानं एक डबी बसवली आहे. मी कुठं उभी, कुठं चालले, हे ती वर कुणाला तरी कळवत असते. बोललेलंही कळवते का, ते मला ठाऊक नाही. म्हणून हळू बोलते.

जन्म माझा कारखान्यातला, पण नाव कमावलं ते राजूरच्या घाटात. माझ्या मालकानं, इंद्रभाननं, मला आणलं तेव्हा बोनेटवर निळी झेंडी लावून विहारासमोर उभं केलं आणि आधी गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून फिरवून आणलं. तेव्हापासून मोताळा ते बुलढाणा, बुलढाणा ते मोताळा. कापसाच्या दिवसांत टपावर बोजे, बाजाराच्या दिवशी पोटात माणसं. दुपारची एसटी येईलच असं नाही. मी येते. बाळंतपणाला निघालेली बाई असो की परीक्षेला निघालेली पोर, पुढच्या सीटवर पहिला हक्क तिचा.

इंद्रभान गेला. आता स्टेअरिंगवर त्याची लेक सारिका आणि शेजारी तिची माय भिमाबाई. बाईच्या जिभेला अशी धार, की पंपावरचा अर्जुनराव तिला लांबूनच हात जोडतो.

"जय भीम, काकू."

"जय भीम. तेल भरून राह्यला का निस्ता कर?"

"दोन्ही एकाच नळीतून येते, काकू. मी काय करू?"

"तू काय करशीन! करनारे वरतं बसले. त्यायच्या गाडीत कोन भरते डिझेल? आपनच ना बे!"

अर्जुनराव हसला. मला नाही हसू आलं. भाव वाढला की एखादी फेरी गळते, आणि गळालेल्या फेरीतली माणसं उन्हात उभी राहतात.

मग हवेचं निघालं. पृथ्वी तापली म्हणे. खोटं कशाला बोलू? माझा पत्रा पूर्वी एवढा पोळत नव्हता. धूरही मी सोडते. पण म्हातारी झाले म्हणून माझ्यावर वेगळा हरित कर, आणि चौकातल्या कॅमेऱ्यांचं उद्घाटन करायला आमदार आले, तेव्हा त्यांच्या गाड्यांचा तांडा भाषण संपेपर्यंत एसी लावून घुरघुरत उभा! भाषणात म्हणाले, विजेवरच्या गाड्या घ्या.

"आमच्या डीपीवर पान्याची मोटर उचलत नाही," भिमाबाई गर्दीतून ओरडली, "जीप कशी चालंन?"

लोक हसले. वरच्या कॅमेऱ्याचा डोळा मात्र आमच्याकडंच वळलेला होता. निदान मला तरी तसं वाटलं.

त्या डबीबरोबर सीटांच्या बाजूला लाल बटणंही आली. संकटात दाबायची, पण हे प्रवाशांना कुणी समजावून सांगितलं नाही. आमच्याकडं उतरायचं तर पत्र्यावर थाप मारायची, हीच रीत. परवा बुलढाण्याहून परतताना राजूरच्या शालूबाईनं ते बटण पाहिलं आणि हरखली.

"बाप्पा! घंटी बसोली का व भिमाबाई? बरं केलं. थापा मारू मारू हात दुखे."

भिमाबाई "अवं!" म्हणेपर्यंत तिनं दाबलंसुद्धा. वाजलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं.

"मुकी हाय काय व हे?"

घाट उतरलो तर पोलिसांची गाडी आडवी. हवालदार धावत आला. "कोन हाय संकटात?"

"मी," शालूबाई म्हणाली. "मले राजूरले उतरा लागते."

हवालदारही हसला. पण भिमाबाई हसली नाही. "आमी इथं हाओ, हे तुमाले कसं समजलं?"

"आजी, गाडी कॉम्प्युटरवर दिसते."

"मंग पावसाळ्यात घाटात दरड पडली, माह्या मागं पोटुशी पोरगी कन्हत होती, तवा नाही दिसली?"

ओशाळलेल्या माणसाच्या हाताला काम लागतं. हवालदारानं कागद मागितले. पासिंगची मुदत उलटून गेली होती.

"पास करून आना," तो खाली बघत म्हणाला. "नापास झाली तं भंगारात द्या लागंन. कायदा हाय, आजी."

भंगारवाल्याच्या आवारात मी माझ्यासारखीच एक जीप पाहिली आहे. दारं काढलेली, डोळे उपटलेले. तेव्हापासून त्या गल्लीजवळ माझं इंजिन अडखळतं.

आज मी बुलढाण्यात पासिंगच्या रांगेत आहे. पुढचा टेम्पो नुकताच नापास झाला. त्याचा मालक त्याच्या फाळक्याला टेकून उभा आहे. सारिका पुसलेल्याच काचा पुन्हा पुसतेय. भिमाबाई पिशवीतले कागद एकेक करून तपासतेय.

सभागृहात बसणाऱ्यांनो, कायदे करा. हवा तुमची तशी आमचीही आहे. पण कायदा करण्याआधी एकदा दुपारी मोताळ्याच्या थांब्यावर उभे राहा. मला मोडा, हरकत नाही. माझ्या जागी कोण येणार, तेवढं आधी सांगा. माझ्यावर नजर ठेवता, तर माझ्यात बसलेली माणसंही बघा.

तपासणीच्या साहेबानं धूर मोजायची नळी माझ्या मागं खुपसली. "रेस द्या, ताई."

घाबरलेला माणूस श्वास रोखतो. मी रोखला तर बंद पडेन, घेतला तर धूर दिसेल. सारिका आत बसलीय, पाय पॅडलवर. भिमाबाई पुढं आली, माझ्या तापल्या बोनेटवर तळवा ठेवला आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाली, "घे माय. श्वास घे."

घेते.