कुंकू लागलेली काच

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. काडेपेटीपेक्षा लहान आहे, पण मला खिडकीची काच समजाल तर खबरदार! माझ्या पोटात द्रव-स्फटिक आहे आणि अंगावर लाखो बारीक चौकोन. संगणक सांगेल तसा एकेक चौकोन उजेडाला किंचित रोखतो, वळवतो आणि मग पुढं सोडतो.

माझी उमेदीची वर्षं धर्माबादच्या एका शाळेत, प्रोजेक्टरच्या पोटात गेली. नकाशे, बेडकाचं काळीज, सगळं भिंतीवर मीच दाखवलं. कौतुक मात्र प्रोजेक्टरचं झालं. पुढं त्याचा दिवा गेला आणि आमची रवानगी अडगळीत झाली. सात वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

त्याच शाळेत शिकलेली सिद्धम्मा लातूरला एम.एस्सी. करत होती. प्रकल्पासाठी तिनं मला मागून नेलं, अलगद सोडवलं, लाल लेसरसमोर उभं केलं आणि संगणकातून माझ्या चौकोनांवर एक नक्षी उमटवली. एरवी लेसरचा भिंतीवर नुसता ठिपका पडतो. माझ्यातून गेला आणि त्याची बांगडी झाली, मधे पोकळ, अगदी गोल! मी फुगले नसते तरच नवल.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी परीक्षा होती. बांगडी अखंड दिसली नाही तर पोरीचं वर्ष वाया जाणार होतं. आणि खंडेनवमीला प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शेषेराव मामांनी आंघोळ करून सगळ्या यंत्रांची पूजा केली. तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट त्यांनी भक्तिभावानं माझ्या बरोबर छातीवर टेकवलं. मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं. कसला मान न् कसलं काय! लेसर लावला आणि बांगडी चावलेल्या भाकरीसारखी दिसली.

मामांचं तोंड एवढंसं झालं. सिद्धम्मानं मऊ कागदानं कुंकू टिपलं, पण तेलकट डाग राहिलाच. जास्त घासलं असतं तर माझ्यावर ओरखडे उठले असते. मग तिनं डाग उजेडाला कुठं किती वळवतो ते चौकोन-चौकोन तपासलं आणि तेवढंच उलटं वळवायला मला शिकवलं. दोन दिवस ती जेवायलासुद्धा धड उठली नाही.

परीक्षेला भिंतीवर बांगडी उमटली, अखंड! परीक्षकांनी मात्र संगणकावर माझी नक्षी पाहिली आणि ती एवढी वाकडी का, असं विचारलं. "काचेवर डाग आहे," एवढंच सिद्धम्मा म्हणाली. तिला मामांचं नाव घ्यायचं नव्हतं.

दारातून मामाच म्हणाले, "सायेब, डाग माझ्या हातचा हाय. पोरीनं त्या डागासगट उजेड सरळ केला."

परीक्षक उठले. त्यांनी मामांना आत बोलावून स्वतःची खुर्ची दिली आणि सिद्धम्माला म्हणाले, "आता यांना समजंल असं सगळं सांगा."

तिनं सांगितलं. मामा मान हलवत ऐकत होते, आणि मी उजेड सोडत होते.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण कुंकू यंत्राच्या डब्याला लावा, काचेला नको. आणि चुकून लागलंच, तर घासू नका; आधी सिद्धम्मासारखं नीट बघा.