वेशीच्या भिंतीवरचा तांबडा हात

"वैनी, अवंदा ह्या हातावर चुना फिरवायचा म्हंजी फिरवायचाच!" धोंडप्पानं भर वेशीत आवाज चढवला.

"फिरवून तर बघ!" शांतम्मा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "ज्याचा हात हाय त्यो येईल, सवता फिरवील."

लातूरच्या कॉलेजची पोरं गावोगावच्या बोलक्या भिंतींचे फोटो टिपत निलंग्याकडच्या या गावात आली होती. भिंत बाजूलाच राहिली, बिचारी पोरं दीर-भावजयीच्या भांडणात सापडली.

गावाची रीतच तशी. पोटासाठी बाहेर पडणारा माणूस गेरूत हात बुडवून वेशीच्या भिंतीवर उमटवायचा. परतला की आपल्याच हातानं त्यावर चुना फिरवायचा. शांतम्माचा लेक विरूपाक्ष बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला, तो गेलाच. दहा वर्षं झाली. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, पावसानं पुन्हा दगा दिला, काळ्या रानाला भेगा पडल्या, भिंतीवर नवे हात उमटले. विरूपाक्षचा हात तांबडाच राहिला. शांतम्मा रोज पदरानं त्याची धूळ पुसायची. दिवेलागणीला भिंतीला कान लावून उभी राहायची, तेव्हा बायका आपली पोरं घरात ओढायच्या.

"मावशी, याचा फोटो काढू का?" सिंधु नावाच्या पोरीनं विचारलं.

"काढ की. हात ठिवून बघ, कसा ऊन हाय."

सिंधुनं हात ठेवला. भिंत उन्हानंच तापली होती, हे कळत असूनही तिला भीती वाटली.

पोरं गेली. मग नव्या जिल्ह्याचे साहेब दुष्काळ बघायला येणार म्हणून पंचायतीनं भिंत रंगवायला काढली. काम धोंडप्पानं मागून घेतलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. वैनी एकदाची रडेल, मोकळी होईल, असं त्याला वाटलं. शांतम्मा टँकरवर पाण्याला गेलेली बघून त्यानं सगळी भिंत पांढरीफेक केली. पुतण्याच्या हातावर कुंचा फिरवताना मात्र त्याला रडू आवरलं नाही.

शांतम्मा घागर घेऊन आली आणि भिंतीपुढं थबकली. धोंडप्पा शिव्या खायच्या तयारीनं उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घराकडं पळत सुटली. एवढ्या मोलाचं पाणी अंगावर सांडत होतं, तिला त्याची शुद्ध नव्हती.

"विरू! आलास रं माज्या लेकरा!"

"वैनी, चुना म्या फिरवलाय, म्या!" धोंडप्पा मागं धावला. तोवर तिनं आतून कडी लावली होती.

त्या दिवसापासून तिच्या चुलीवर दोघांच्या भाकरी होऊ लागल्या. धोंडप्पानं शपथा घेतल्या, पाया पडला. ती नुसती हसायची.

फोटो द्यायला सिंधु आली, तेव्हा धोंडप्पाच तिला घाईनं घरी घेऊन गेला.

"दाव बाई तिला. हात तांबडाच हाय म्हणावं. माजं आयकंना झालीय."

शांतम्मा दारात आली. तिनं फोटो उजेडात धरला, त्या हातावरून बोट फिरवलं.

"लई चांगला आलाय. पर ह्यो जुना हाय, माय. तवा त्यो यायचा होता."

मग तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

आत घोंगडं अंथरलेलं होतं. उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या होता. धोंडप्पा बराच वेळ तिकडं बघत राहिला. मग त्यानं वहाणा हातात घेतल्या आणि पायाचा आवाज न करता माघारी फिरला.