काळ्या पडद्यावर बाबांचं नाव

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं सरसर उतरली आणि हॉलमधली पन्नास-साठ माणसं एकदम उभी राहिली.

"नाव आलं! नाव आलं!"

शीलामावशीने हात जोडले. आईने माझं मनगट घट्ट धरलं. मधल्या एका ओळीत इंग्रजीत माझ्या वडिलांचं नाव होतं, दिनानाथ.

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला, पण आईच्या मनातून ते जाईना. मावशीने तिला उल्हासनगरच्या यंत्रनाथ महाराजांचं नाव सांगितलं. बाबांचा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आम्ही अंबरनाथहून आलो होतो.

"माताजी, ही मशीन मी खोलली का?" महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज."

"तरी पोटातलं सगळं सांगतो. मेमरी चार जीबी. हा प्रोसेसर, हे मॉडेल. आणि ही तारीख बघा, अकरा ऑगस्ट दोन हजार चौदा. त्या दिवशी यजमानांचा जीव यात गुंतला. अजून अटकलाय. नदीत विसर्जन करावं लागेल, बदलापूरला. मशीन इथेच सोडून जा."

"त्याच दिवशी घेतला होता गं," आई पुटपुटली. "मी पेढे आणले होते."

अंबरनाथच्या कारखान्यांत कामगार हत्यारांना, यंत्रांना, बिघाडांना काय म्हणतात, त्याचा कोश बाबा नऊ वर्षं त्या मशीनवर टाइप करत होते. दुसरी प्रत नव्हती. प्रत काढायची तर मशीन सुरू करून त्या फाइलपर्यंत जावं लागलं असतं, आणि सोळा दिवसांत माझ्याने ते झालं नव्हतं.

"पुन्हा करून दाखवा," मी म्हणाले.

"श्रद्धा नसेल तर बाहेर जा, ताई!" एक शिष्य गुरकावला.

महाराज हसले. "राहू दे. पढी-लिखी आहे, शंका येणारच."

कीबोर्डवर भगवं कापड होतं. त्याखाली त्यांची बोटं हलू लागली, ओठांवर यंत्रदेवतेचा जप. जपाकडे मी लक्ष दिलं नाही, बटणांचे आवाज मोजले. दहा हलके, मग एक जड. तो शब्द माझ्या ओळखीचा होता.

मी खांद्यावरच्या पिशवीतून माझा लॅपटॉप काढला, तशीच काळी खिडकी उघडली आणि सगळ्यांना दिसेल असं टाइप केलं. दहा अक्षरं आणि एंटर. ओळी सरसर उतरल्या.

"आई, मालकाचं नाव मोठ्याने वाच."

"राजसी," ती म्हणाली.

"महाराज, माझं नाव आलंय. मी कधी गेले?"

मागून एक सिंधी दुकानदार हसला. "अरे साईं, ये तो जिंदा है!"

"भूत पोरीत शिरलं!" महाराज ओरडले. "बापच बोलतोय तिच्यातून!"

"माझ्यातून कुणी बोलत नाही. बाबांनी मला माझं मी बोलायला शिकवलं."

"राजसी, गप्प बस," मावशी कुजबुजली.

"नको, बोलू दे," आई म्हणाली. ती उठली, महाराजांसमोर गेली आणि तिने कापड ओढून काढलं. "अक्षरं सांग."

मी एकेक अक्षर सांगितलं. सिस्टिमइन्फो, दहा अक्षरांचा इंग्रजी शब्द. तिने एका बोटाने तो टाइप केला. तेच नाव, तीच तारीख, तीच चार जीबी.

"मलाही येतो की मंत्र," आई म्हणाली, आणि तिने वायर उपटली.

कॅबिनेट उचलताना मागचा पडदा सरकला. तिथे पंचवीस-तीस कॅबिनेट रचलेली होती, झाकणं उघडी, पोटं रिकामी. नदीपर्यंत त्यातलं एकही पोहोचलं नव्हतं.

स्क्रीनवर नाव येण्यात गूढ काही नाही. नवी मशीन पहिल्यांदा सुरू करताना मालकाचं नाव विचारतात, ते बाबांनीच लिहिलं होतं. तारीख त्याच दिवसाची. कुठले भाग बसवले आहेत, ते मशीनला माहीतच असतं. त्या एका शब्दाने विचारलं की ते सांगतं, मग विचारणारा महाराज असो की माझी आई. कावळ्याला त्या दिवशी भूक नसेल.

त्या संध्याकाळी मी फाइल उघडली आणि तिच्या तीन प्रती काढल्या. वाचताना रडले. तुमच्याही घरातलं कुणी गेलं असेल आणि कुणी तुम्हाला त्याचं नाव दाखवलं, तर खुशाल रडा. पण ते नाव तिथे कुणी लिहिलं, हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत घरातली वस्तू हातातून सोडू नका.