त्यांचं पुढे, आपलं मागे

घड्याळकाकांच्या घरात एक कायदा होता आणि तो चपलांच्या कपाटापाशी सुरू व्हायचा. दारातून आत आलं की डाव्या हाताला ते कपाट. तिथे चपलांबरोबर कंपनीही काढून ठेवायची. एकदा आत पाऊल टाकलं की विमानाचं नावसुद्धा काढायचं नाही.

कायदा काकांनीच केला होता, आणि करणं भागच होतं. त्यांची एकुलती एक लेक भिंगरी तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागली, ती नेमकी पलीकडच्या कंपनीत. कामही बापाचंच, विमानांची वेळापत्रकं बसवायचं. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात ना, तसलाच प्रकार. त्यात दोन्ही कंपन्या एकमेकींच्या अशा हात धुऊन मागे लागलेल्या, की ह्यांनी उशी फुकट दिली की त्यांनी पांघरूण द्यायचं, आणि ह्यांनी तिकीट उतरवलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याहून खाली उतरवायचं. काकू म्हणायच्या, "अजून थोडं भांडा, म्हणजे उद्या प्रवाशालाच पैसे देऊन बसवाल."

काकूंना कायदा लागू नव्हता. त्या शिवणाचा क्लास घेत, आणि त्यांच्या मते जगात ज्याला दोन बाह्या नाहीत त्याच्यावर एवढं डोकं लावण्यात अर्थ नव्हता.

यंदा मात्र हे भांडण युरोपला जाऊन पोचलं. दोन्ही कंपन्यांना युरोपचे नवे मार्ग सुरू करायचे होते, आणि दोघींनाही पहिलं शहर एकच हवं होतं. तिथल्या विमानतळावर सकाळी साडेसहाला उतरायची एक जागा रिकामी झाली होती. अशा जागेला ह्या धंद्यात स्लॉट म्हणतात. साडेसहाला उतरलं, की प्रवाशाला पुढे सगळ्या युरोपात जाणारी सकाळची विमानं मिळतात. आठनंतर उतरलं तर बसा दुपारपर्यंत पेंगत. काका त्या स्लॉटकडे अकरा वर्षं डोळे लावून बसले होते. पाच महिन्यांनी ते निवृत्त होणार, आणि जाताना तेवढा एक मार्ग आपल्या हाताने सुरू करून जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. भिंगरीचा तर हा आयुष्यातला पहिला परदेशी मार्ग. दोन्ही कंपन्यांचे अर्ज गेले होते. अर्जात काही दुरुस्ती असेल, तर ती करायला गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. वेळा चुकलेला अर्ज सरळ बाद.

सोमवारी सकाळी काकांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि पेपर उघडला. पहिल्याच पानावर पलीकडच्या कंपनीची, स्लॉट मिळायच्या आधीच, अर्ध्या पानाची जाहिरात. 'आता युरोप रोज!' खाली बारीक अक्षरात वेळापत्रक. हिवाळ्यात निघणार पहाटे दोनला. बरोबर, नऊ तासांचा प्रवास, आपल्याकडे अकरा वाजतील तेव्हा तिकडे साडेसहा. उन्हाळ्यात निघणार पहाटे तीनला.

काकांनी कप खाली ठेवला.

तीन? तिकडे उन्हाळा आला की घड्याळं तासभर पुढे करतात. मग तिथे साडेसहालाच उतरायचं तर आपल्या घड्याळाप्रमाणे तासभर आधी निघायला हवं. म्हणजे एक वाजता. भिंगरीने एकाच्या जागी तीन लिहिले होते. ते विमान उन्हाळाभर साडेआठला उतरणार होतं, जिथे त्याला पाय ठेवायलाही जागा नव्हती. आणि जाहिरातीत जे छापलंय तेच अर्जात गेलेलं असणार, हे काकांना कुणी सांगायला नको होतं.

समोर भिंगरी डबा भरत होती आणि शीळ घालत होती. "बाबा, पेपर चांगला आहे ना आज?" कायदा पाळून तिने तेवढंच विचारलं, आणि चेहरा असा फुललेला की बघत राहावं.

"चांगलाय," काका म्हणाले, आणि पान उलटलं.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी काकांना आनंद झाला. वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. अकरा वर्षं! पलीकडचा अर्ज बाद झाला की स्लॉट आपोआप आपला. त्यांना काही करायचंही नव्हतं, नुसतं मूग गिळून बसायचं होतं, आणि तसं बसण्यात काकांचा हात कोण धरणार? सोमवार त्यांनी तसाच काढला. ऑफिसात त्यांच्या वरच्या अधिकारी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, जाहिरात नाचवत आल्या. "काका, बघितलीत? काय चकाचक आहे हो! आपल्याला मिळेल ना स्लॉट?"

"बघू," काका म्हणाले. बाईंनी बारीक अक्षरं वाचली नव्हती. बारीक अक्षरं वाचायला त्यांनी काकांना ठेवलं होतं.

पण संध्याकाळी बसमधून येताना ही चूक आली कुठून, याचा ते विचार करायला लागले, आणि एका थांब्यावर त्यांना ते एकदम आठवलं.

भिंगरी नऊ वर्षांची होती. एका सुट्टीच्या दिवशी काकांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवून तिच्या मांडीवर दिलं होतं आणि काटे फिरवून शिकवलं होतं: तिकडे उन्हाळा आला की त्यांचं पुढे, आपलं मागे. त्यांचं घड्याळ पुढे, आपलं विमान मागे. पोरीने त्याचं गाणं केलं होतं. त्यांचं पुढे, आपलं मागे, असं म्हणत गिरक्या घ्यायची, तेव्हापासून तर ती भिंगरी. मागे म्हणजे दोनावरून मागे एकावर, हे काकांच्या डोक्यात इतकं स्पष्ट होतं की ते सांगायला हवं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि पोरीने मागेचा अर्थ काय घेतला? मागे पडलं, रखडलं, उशिरा. दोनाचे तीन.

म्हणजे चूक बापानेच पेरली आणि वीस वर्षांनी ती अर्ध्या पानावर उगवली. काका स्वतःशीच म्हणाले, "वा रे मास्तर!"

रात्री त्यांना झोप नाही. सांगावं तर हाताशी आलेलं अकरा वर्षांचं स्वप्न पुन्हा नशिबावर, आणि जिचं मीठ खाल्लं त्या कंपनीशी बेइमानी. न सांगावं तर पोरीच्या पहिल्याच परदेशी मार्गाचे तीनतेरा, आणि तेही बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून. वर आपणच केलेला कायदा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये चपलांचं कपाट.

मंगळवारी काकांनी एक शक्कल काढली. बोलायचं नाही, पण दाखवायचं. सकाळी लवकर उठून त्यांनी स्वयंपाकघरातल्या त्याच घड्याळाचे काटे तासभर पुढे केले. पोरगी हुशार आहे, बघेल, आठवेल, समजेल.

पोरगी मोबाईलवर वेळ बघून निघून गेली. काकू मात्र घड्याळ बघूनच चालत. त्या पाचच्या क्लासला दुपारी चारलाच जाऊन बंद दारापाशी उभ्या राहिल्या आणि उन्हात तासभर ताटकळल्या. संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं. "सेल मेलाय वाटतं ह्या घड्याळाचा," म्हणत त्यांनी नवा सेल घातला आणि काटे सरळ केले. बुधवारी काकांनी ते पुन्हा फिरवले. या वेळी ते स्टुलावर चढलेले असतानाच काकूंनी त्यांना पकडलं.

"अहो! हे काय चाललंय? निवृत्त व्हायच्या आधीच डोकं फिरलं का काटे फिरवून फिरवून?"

काकांनी स्टुलावरूनच सगळं सांगितलं. काकूंनी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"बरं. मी सांगू तिला? मी कुठे कुणाच्या कंपनीत आहे?"

"नको," काका म्हणाले. "चूक माझी आहे. मलाच सांगायला हवी."

"मग उतरा खाली आणि सांगा! भिंतीला काय सांगताय?"

गुरुवारी सकाळी भिंगरी चपला घालून बाहेर पडली. काका घरातल्याच स्लिपरवर तिच्या मागोमाग निघाले आणि दार ओढून घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभे राहिले. कायदा कपाटापर्यंत होता, आणि ते आता कपाटाच्या बाहेर होते.

"भिंगरे, थांब."

ती वळली. बापाला अशा अवतारात बाहेर उभं पाहून घाबरली. "काय झालं बाबा? बरं वाटत नाही का?"

"मागे म्हणजे आधी," काका म्हणाले.

"काय?"

"त्यांचं पुढे, आपलं मागे. त्यातलं मागे म्हणजे आधी. मी तुला तेव्हा नीट सांगितलं नाही."

तिचे ओठ हलायला लागले. त्यांचं पुढे, दोनाचा... आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"एक," ती म्हणाली. "आणि मी..."

"हो."

"बाबा, पण तुमचा अर्ज..."

"पाचपर्यंत वेळ आहे. पळ!"

ती पळाली. डबा पायरीवरच राहिला. काकांनी तो उचलला आणि किती तरी वेळ हातात धरून तिथेच उभे राहिले. त्यांना हलकं वाटत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींतलं काय आधी करावं ते कळत नव्हतं.

दुपारी ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, काय केलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि राजीनामा टेबलावर ठेवला. बाईंना सोमवारपासूनच्या गोष्टीतलं एक अक्षर माहीत नव्हतं. त्या लालबुंद झाल्या. "काका, अकरा वर्षं हो! सगळ्या ऑफिसची अकरा वर्षं! तुमची एकट्याची नव्हे!"

"खरं आहे," काका म्हणाले. बाईंनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत.

पुढच्या शुक्रवारी निकाल लागला. साडेसहाचा स्लॉट पलीकडच्या कंपनीला मिळाला. काकांच्या कंपनीला मिळाला सकाळी दहा चाळीसचा. खबर कळल्यावर काका आपल्या टेबलापाशी बसून राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. थोड्या वेळाने मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी तो राजीनामा चार तुकडे करून काकांच्या पुढ्यात ठेवला.

"दहा चाळीसला उतरणाऱ्या प्रवाशांना पुढे कुठली विमानं मिळतात, ते कोण शोधणार? मी?" त्या म्हणाल्या. "राग गेलेला नाही माझा. कामाला लागा."

संध्याकाळी घरी दाराची बेल वाजली. काकांनी उघडलं तर बाहेर भिंगरी. किल्ली तिच्या हातातच होती.

"आत ये की."

"नाही. बाहेरचं बोलायचंय. तुम्हीच या."

काका स्लिपर घालून बाहेर आले. दोघं पायरीवर बसली. आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आमच्या साहेबांनी विचारलं, शेवटच्या दिवशी चूक सापडली कशी," भिंगरी म्हणाली. "मी खरं तेच सांगितलं. तर म्हणतात, समोरच्या कंपनीच्या माणसाने का सांगावं? मी म्हटलं, त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून."

"चुकीचं शिकवलं होतं," काका म्हणाले. "पण एक सांग. तू मागेचा अर्थ उशिरा असा का घेतलास? नऊ वर्षांची पोर, निदान विचारायचंस तरी."

भिंगरी हसली, पण ते हसू नीट जमलं नाही. "विचारायचं काय त्यात? मला ठाऊकच होतं. रोज संध्याकाळी मी खिडकीत बसायचे आणि आईला विचारायचे, बाबा कधी येणार? आई म्हणायची, आज मागे पडलेत, तू जेवून झोप. रोज तेच. आपल्या घरात मागे म्हणजे उशिराच होतं, बाबा."

जगभरच्या विमानांच्या वेळा त्यांनी मिनिटामिनिटाने जुळवल्या होत्या, आणि ही पोर रोज खिडकीत बसायची, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. तो पुसून संपेना.

"अहो बाबा, मी तक्रार नाही करत," भिंगरी त्यांच्या खांद्याला टेकून म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"बाहेरचं झालं असेल तर आत या दोघं!" आतून काकूंचा आवाज आला. "जेवण गार होतंय."

सोमवारी पाचच्या ठोक्याला काका टेबलावरून उठले. मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या, पण बोलल्या नाहीत. ते घरी पोचले तेव्हा बाहेर अजून ऊन होतं आणि भिंगरी यायची होती. त्यांनी चपला कपाटात ठेवल्या, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परत काटे फिरवलेत ना त्या घड्याळाचे?"

"नाही गं, घड्याळ बरोबर आहे," काका म्हणाले. "मीच आज मागे आलोय."